दहा जाणकार, एक मूल

मेंदूच्या वाढीत काही वेगळं घडलेल्या मुलाची आई दवाखान्याच्या बाकावर ओळखू येते ती मांडीवरच्या फाइलवरून. फाइल जाड असते, रबर लावलेली असते. तिच्यात कानांच्या बेरा तपासणीचा कागद असतो, ईईजी असतो, आयक्यूचा रिपोर्ट असतो, ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे ओटीवाल्या, ताईंनी लिहून दिलेले व्यायाम असतात, स्पीचवाल्या मॅडमनी आखून दिलेला तक्ता असतो आणि शाळेचं एक पत्र असतं, ज्यात मुलाला ‘योग्य त्या ठिकाणी’ घालावं असं नम्रपणे सुचवलेलं असतं. यातला एकेक कागद आपापल्या जागी बरोबर असतो. पण ओटीत काय चाललंय हे डॉक्टरांना ठाऊक नसतं, गोळी बदलल्याचं ओटीत कुणी सांगितलेलं नसतं आणि शाळेला यातलं काहीच माहीत नसतं. हे सगळं जुळवायचं काम जिला कुणीच काही शिकवलेलं नाही तिच्यावर येऊन पडतं.

हे काम जाणकारांनी आपल्या अंगावर घ्यावं, आणि ते आपोआप येत नाही, शिकवावंच लागतं, हे ओळखून अमेरिकेत एक प्रशिक्षण उभं राहिलं. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे: लीडरशिप एज्युकेशन इन न्यूरोडेव्हलपमेंटल अँड रिलेटेड डिसॅबिलिटीज. सगळे त्याला ‘लेंड’ म्हणतात. या संग्रहातले लेख त्याभोवती फिरतात, म्हणून आधी त्याची ओळख.

लेंड ही पदवी नव्हे. बालरोगशास्त्र, मानसशास्त्र, वाचा-उपचार, श्रवणशास्त्र, ऑक्युपेशनल थेरपी, फिजिओथेरपी, परिचर्या, आहारशास्त्र, दंतवैद्यक, समाजकार्य, विशेष शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, जनुकीय समुपदेशन अशा शाखांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे किंवा ते नुकतंच संपवलेले विद्यार्थी साधारण एका शैक्षणिक वर्षासाठी एकत्र येतात. पूर्ण प्रशिक्षण घेणाऱ्याला किमान ३०० तास द्यावे लागतात. केंद्रं विद्यापीठांत किंवा विद्यापीठाला जोडलेल्या मुलांच्या रुग्णालयांत असतात. या दशकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या ६० वर गेली. पैसा केंद्र सरकारच्या माता-बाल आरोग्य विभागाचा. ही सगळी माहिती कुठल्याही पत्रकात मिळेल. ही रचना उभी राहिली कशी, हे मात्र पत्रकात मावत नाही.

१९४१ साली वॉशिंग्टनमध्ये २३ वर्षांच्या एका मुलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. लहानपणापासून ती भावंडांच्या मागे पडत आली होती आणि विशीनंतर तिचा राग आवरेनासा झाला होता. डॉ. वॉल्टर फ्रीमन आणि डॉ. जेम्स वॉट्स हे त्या काळातले नावाजलेले तज्ज्ञ. त्यांनी लोबोटॉमी केली, होकार वडिलांचा. त्यानंतर मुलीचं बोलणं जवळजवळ गेलं, चालणं नव्यानं शिकावं लागलं. पुढे १९४९ पासून विस्कॉन्सिन राज्यातल्या जेफरसन गावच्या सेंट कोलेटा संस्थेत तिनं जवळपास सगळं आयुष्य काढलं आणि २००५ मध्ये ती वारली. तिचं नाव रोझमेरी केनेडी. शस्त्रक्रियेनंतर जवळपास वीस वर्षांनी तिचा भाऊ अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

घराण्याचं हे झाकलेलं दुःख उघड करण्याचं धाडस केलं ते बहिणीनं. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ मध्ये ‘सॅटरडे इव्हनिंग पोस्ट’ या खपाच्या साप्ताहिकात रोझमेरीबद्दल नाव घेऊन लिहिलं. ज्या देशात डॉक्टर बाळंतिणीला सांगत, ‘याला संस्थेत ठेवा आणि विसरून जा,’ तिथे राष्ट्राध्यक्षाच्या बहिणीनं असं लिहावं ही लहान गोष्ट नव्हती. त्याआधीच, १९६१ च्या ऑक्टोबरात, अध्यक्ष केनेडींनी बौद्धिक अपंगत्वाच्या विषयावर तज्ज्ञांचं एक मंडळ नेमलं होतं. वर्षभरात त्याचा अहवाल आला, आणि ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी केनेडींनी त्यातून निघालेल्या कायद्यावर सही केली. तीन आठवड्यांनी डलासमध्ये त्यांची हत्या झाली.

या कायद्यात विद्यापीठांना जोडून खास केंद्रं बांधण्यासाठी पैसा होता. विद्यापीठंच का? कारण मुलांना तपासायला, शिकवायला, सांभाळायला लायक माणसंच देशात फारशी नव्हती. ती आधी घडवायला हवी होती. इमारतींचा पैसा या कायद्यातून आला, तर माणसं घडवण्याचा, म्हणजे पुढे लेंड झालेल्या प्रशिक्षणाचा, पैसा माता-बाल आरोग्याच्या जुन्या खात्यातून, ज्याचं मूळ १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात आणि त्याच्याही आधी १९१२ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स ब्यूरोमध्ये आहे. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. दुर्मीळ आजारांच्या संशोधनासाठी आलेला पैसा वेगळी माणसं घडवतो. आया आणि मुलं जगावीत, धडधाकट राहावीत म्हणून बसवलेल्या खात्याचा पैसा वेगळी. या प्रशिक्षणात आहारतज्ज्ञ आणि परिचारिका पहिल्यापासून का आहेत, त्याचं उत्तर या हिशेबात सापडतं.

मात्र कायदा झाला म्हणून सकाळ झाली नाही. १९६५ मध्ये अध्यक्ष केनेडींचे धाकटे भाऊ रॉबर्ट केनेडी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या विलोब्रुक या अपंग मुलांच्या संस्थेत गेले तेव्हा तिथल्या मुलांची दैना पाहून हादरले. पुढच्याच वर्षी बर्टन ब्लॅट या प्राध्यापकांनी अशा संस्थांत छुप्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या छायाचित्रांचं पुस्तक काढलं. शाळेत जाण्याचा हक्क या मुलांना देशभर मिळाला तो १९७५ च्या कायद्यानं. म्हणजे विद्यापीठांत एका बाजूला नवी माणसं घडत होती आणि ज्यांच्यासाठी ती घडत होती ती हजारो मुलं अजून कुंपणाआड होती. मला वाटतं, उपचारात निष्णात असणं पुरेसं नाही, व्यवस्थेशीही दोन हात करता आले पाहिजेत, हा या प्रशिक्षणाचा हट्ट या विसंगतीतून आला असावा.

आता आतलं कामकाज. सगळ्यात पाहण्यासारखं असतं ते एकत्र तपासणीचं सत्र. एक मूल, त्याचे आईवडील आणि चार-पाच शाखांचे विद्यार्थी. काही खोलीत, काही काचेपलीकडे. मूल खेळतं आणि सगळे तेच खेळणं पाहतात, पण प्रत्येकाला दिसतं निराळं. फिजिओथेरपिस्टला दिसतं की मूल जमिनीवर पाय इंग्रजी डब्ल्यूसारखे दुमडून बसतं. वाचा-उपचार शिकणारीला दिसतं की ते मागण्यासाठी हात धरून नेतं, बोट दाखवत नाही. आहारतज्ज्ञाला डब्यातलं एकाच रंगाचं खाणं दिसतं. नंतर बंद दाराआड चर्चा होते आणि खरी परीक्षा तिथे असते. डॉक्टर पहिल्यांदा बोलले की बाकीचे त्यांच्या मताला शेपूट जोडतात, हे जगात सगळीकडे घडतं. म्हणून चांगले मार्गदर्शक बोलण्याचा क्रम मुद्दाम उलटा लावतात.

यातून काय साधतं हे समजायला दंतवैद्याचं उदाहरण घ्यावं. न बोलणारं एक मूल अचानक डोकं आपटायला लागतं, समजा. वर्तन-उपचारवाला त्याचा तक्ता मांडतो: कधी आपटतं, आधी काय झालं, नंतर काय मिळालं. मानसोपचारतज्ज्ञ औषधाचा विचार करतो. शाळा म्हणते, घरी पाठवतो. आणि दाढ किडलेली असते. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर येतं. एरवी अपंगत्वाच्या चर्चेत दंतवैद्याला कुणी बोलावत नाही, इथे तो वर्गातच बसलेला असतो. शिवाय त्याला वर्षभरात दुसरीही गोष्ट शिकावी लागते: खुर्चीत एक क्षण स्थिर न बसणाऱ्या, ड्रिलच्या आवाजानं किंचाळणाऱ्या मुलाला बांधून ठेवण्याऐवजी चार भेटींत सवय कशी लावायची. ती त्याला ओटीवाली शिकवते.

पण माझ्या मते या सगळ्या रचनेतली सर्वांत धाडसी गोष्ट वेगळीच आहे. लेंडमध्ये ‘कुटुंब’ ही एक विद्याशाखा मानली जाते. जशी दंतवैद्यक, जसं मानसशास्त्र, तसं कुटुंब. अपंग मुलाचे आई किंवा वडील तिथे प्रशिक्षणार्थी म्हणून येतात आणि अध्यापक म्हणूनही नेमले जातात. ते वर्षातून एकदा डोळे पाणावणारी कहाणी सांगायला बोलावलेले पाहुणे नसतात. ते वर्ग घेतात, विद्यार्थ्यांना काम देतात, त्यांचं काम तपासतात. बहुतेक केंद्रांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक कुटुंब जोडून दिलेलं असतं. तिथे त्यानं तपासायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. वाढदिवसाला जायचं, शाळेच्या बैठकीत मागे बसायचं, आईबरोबर दुकानात जायचं आणि मूल मधल्या वाटेत आडवं पडल्यावर लोक कसे बघतात ते पाहायचं. दवाखान्यात ‘रोज वीस मिनिटं हा व्यायाम’ असं सहज लिहून देणाऱ्याला त्या घरात ती वीस मिनिटं शोधावी लागतात. धाकट्याचा अभ्यास, आजीची औषधं आणि नवऱ्याची रात्रपाळी यांच्यामध्ये ती कुठे आहेत ते दिसलं की पुढची चिठ्ठी वेगळी लिहिली जाते.

अपंग व्यक्तीसुद्धा इथे शिकायला आणि शिकवायला असतात, ही भर नंतरची. तिच्यामागे १९७४ मध्ये ऑरेगनमध्ये सुरू झालेल्या ‘पीपल फर्स्ट’सारख्या चळवळींची पुण्याई आहे. पालक आणि अपंग प्रौढ यांचं दर वेळी जमतंच असं नाही. मूल ‘सुधारावं’ म्हणून आई झटते आणि समोरची ऑटिस्टिक प्राध्यापिका विचारते, सुधारायचं म्हणजे काय? हा वाद मिटवण्याची घाई चांगली केंद्रं करत नाहीत.

राहिला नेतृत्वाचा भाग, आणि इथे आपल्याकडच्या वाचकाच्या भुवया उंचावतील. नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हार, व्यासपीठ आणि खुर्ची येते. माता-बाल आरोग्य विभागानं ठरवलेल्या बारा क्षमता वाचल्या तर त्यात खुर्ची कुठेच नाही. तीन वर्तुळं आहेत: स्वतः, सोबतचे आणि व्यापक समाज. स्वतःच्या मतांकडे तटस्थपणे बघता येणं, मतभेद सोडवता येणं, दुसऱ्याला घडवता येणं, कुटुंबाबरोबर भागीदारी, धोरणाची जाण, असं ते हळूहळू बाहेर पसरतं.

उपचार करणाऱ्यानं धोरणात नाक खुपसायचं कशाला, या प्रश्नाला तिकडे केटी बेकेट हे नाव उत्तर म्हणून पुरतं. आयोवा राज्यातली ही मुलगी तान्हेपणी मेंदूज्वरानं आजारी पडली आणि श्वासासाठी व्हेंटिलेटरवर अवलंबून राहिली. तीन वर्षांची झाल्यावर तिला घरी नेता येईल अशी वेळ आली. खर्चही रुग्णालयापेक्षा घरी कितीतरी कमी झाला असता. पण मेडिकेड ही सरकारी योजना रुग्णालयातला खर्च द्यायला तयार होती, घरचा नाही. नियमच तसा. म्हणजे मूल रुग्णालयात अडकलं होतं ते आजारानं नव्हे, बिलाच्या रकान्यानं. १९८१ च्या नोव्हेंबरात खुद्द अध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत या प्रकरणाचा उल्लेख केला, तिच्यासाठी नियमाला अपवाद झाला आणि १९८२ मध्ये तशा मुलांसाठी राज्यांना कायद्यानं मुभा मिळाली. केटीची आई, ज्यूली बेकेट, पुढे ‘फॅमिली व्हॉइसेस’ या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक झाली. कितीही कुशल फिजिओथेरपिस्ट त्या मुलीला घरी पाठवू शकला नसता. नियम कुठे लिहिला आहे, तो कोण बदलू शकतो आणि त्याच्याकडे कुठला कागद घेऊन जायचं, हे माहीत असलेला माणूस पाठवू शकला असता. म्हणून लेंडचे विद्यार्थी दर वर्षी वॉशिंग्टनला अपंगत्व-धोरणाच्या परिषदेला जातात आणि आपल्या राज्याच्या लोकप्रतिनिधींच्या कचेरीत बसून दहा मिनिटांत आपलं म्हणणं मांडायला शिकतात. पहिल्या वेळी बहुतेकांचा घसा कोरडा पडतो असं ऐकलं आहे, आणि ते खरं असणार.

कौतुक इथे थांबवायला हवं, कारण या रचनेच्या कमकुवत बाजूही आहेत. एकतर तिचं आयुष्य कायद्याच्या मुदतीला बांधलेलं आहे. २००६ च्या ऑटिझमविषयक कायद्यापासून लेंडचा पैसा ऑटिझमच्या नावाखाली येतो. या कायद्याच्या पहिल्या नावात ऑटिझमशी ‘लढण्याची’ भाषा होती, ती ऑटिस्टिक लोकांना झोंबली आणि २०१४ मध्ये नाव बदललं. २०२४ च्या डिसेंबरात त्याला पुन्हा मुदतवाढ मिळाली. ऑटिझमच्या लाटेवर बसून केंद्रं वाढली हे खरं. अमेरिकेतल्या पाहणी-केंद्रांत आठ वर्षांच्या ३१ मुलांमागे एकाला ऑटिझम असल्याचा आकडा २०२५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा राजकारण्यांचं लक्ष तिकडे असणं साहजिक आहे. पण डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, फ्रॅजाइल एक्स यांची मुलं त्याच गाडीत मागच्या बाकावर बसून प्रवास करतात, हेही खरं. दुसरं म्हणजे केंद्रं मोठ्या शहरांकडे झुकलेली. युटा राज्यातल्या केंद्रानं आयडाहो, वायोमिंग, मोंटाना अशा विरळ वस्तीच्या राज्यांना जोडून घेत दूरदृश्य वर्ग घेतले, तो या बाबतीतला शहाणा प्रयोग. आणि तिसरं, जे मला सर्वांत बोचतं: इतकी वर्षं माणसं घडवूनही तिथल्या पालकांना निदानासाठी महिनोन्‌महिने ताटकळावं लागतंच. नेते घडले तरी रांग लहान होईलच असं नाही.

हे सगळं मराठीत का आणायचं? भारतातल्या पाच ठिकाणी, पलवल, कांग्रा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा इथे, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ऐकण्याचा दोष, अपस्मार, अध्ययन अक्षमता, ऑटिझम धरून नऊ प्रकारच्या अडचणी मोजल्या होत्या. आठ मुलांमागे जवळपास एका मुलाला त्यांपैकी किमान एक होती. कोकणीबरोबर मराठी घरोघर वाचल्या जाणाऱ्या उत्तर गोव्यातली मुलं त्यात आहेत, म्हणजे हा प्रश्न आपल्या उंबऱ्याबाहेरचा नाही.

यंत्रणाही नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलं तपासतात आणि गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. त्या केंद्रासाठी मंजूर झालेल्या पदांची यादी वाचावी: बालरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रतपासनीस, विशेष शिक्षक, समाजसेवक. कागदावर लेंडचा वर्ग जसाच्या तसा उभा आहे! फरक इतकाच की या माणसांना एकत्र काम करायला कुणी, कधी शिकवलेलं नसतं. प्रत्येक जण आपापल्या महाविद्यालयातून आपापली पदवी घेऊन येतो, आपापल्या खोलीत बसतो आणि आपापलं रजिस्टर भरतो. पद रिकामं असेल तर तीही खोली बंद.

आणि पालक? या बाबतीत तर आपली परंपरा अमेरिकेच्या तोडीची आहे. १९७२ मध्ये मुंबईत मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या लेकीसाठी शाळा हवी म्हणून स्पास्टिक्स सोसायटी उभी केली. ती लेक, मालिनी चिब, मोठी होऊन लेखिका झाली. गावोगावच्या विशेष शाळांचा इतिहास चाळला तर सुरुवातीला एखादी आई किंवा एखादे वडील निघतात. संस्था काढण्याइतकं पालकांना कळतं हे आपल्याला मान्य आहे; वैद्यकीय महाविद्यालयात वर्ग घेण्याइतकं कळतं हे अजून नाही. मुंबईत २००१ पासून काम करणाऱ्या ‘उम्मीद’सारख्या संस्थांनी डॉक्टर, थेरपिस्ट आणि वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते यांना शिकवण्याचं काम हाती घेतलं आहे, पण एका-दोन संस्थांच्या जिवावर राज्य चालत नाही.

या संग्रहातले लेख वेगवेगळ्या हातांचे आहेत. काही अभ्यासकांचे आहेत आणि ते जरा कोरडे वाटतील. तेही नेटानं वाचावेत, कारण पैसा कुठल्या खात्यातून येतो हे त्यांनीच नीट सांगितलं आहे. घाईत असलेल्या वाचकानं कुटुंबांवरचा भाग आधी वाचला तरी चालेल. संपादकांना मी एकच सूचना केली होती, की ‘आपल्याकडे काय करता येईल’ असं शेवटचं प्रकरण नको. ते जिल्ह्या-जिल्ह्यांत बसून ठरवायचं आहे. तरी एक विचार नोंदवून ठेवतो. आठवड्यातली एक दुपार केंद्रातल्या सगळ्यांनी मिळून एकच मूल तपासायचं ठरवलं तर त्याला नवं पद लागत नाही, इमारत लागत नाही, एखाद्या अधीक्षकाची सही पुरते. त्या दुपारी एका अनुभवी आईला मार्गदर्शक म्हणून बसवायचं, तिला प्रवासखर्च आणि मानधन द्यायचं, तर मात्र लेखा विभाग पहिला प्रश्न विचारेल: हे कुठल्या हेडखाली टाकायचं? त्या प्रश्नाचं उत्तर ज्या जिल्ह्याला आधी सापडेल, तिथल्या कुणीतरी ते लिहून इतरांना कळवावं.